बापूंचं पुस्तक लग्नघरी गेलं

जन्मभर बस चालवून बापू निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट पक्की ठरवली होती. आता कुणाच्या घंटीवर निघायचं नाही आणि कुणाच्या घंटीवर थांबायचं नाही. पण थोड्याच दिवसांत त्यांची थोरली बहीण न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. दोघंही एकेकटी, म्हणून बापूंनी तिला आपल्या घरी आणलं. गरज पडली तर हाक मारायला म्हणून डॉक्टरांनी तिच्या उशाशी एक घंटी ठेवायला सांगितली.

अक्का मुख्याध्यापिका होती. तिला गरज फार पडे.

"बापू, उशी वाकडी आहे." "बापू, हा चहा आहे की पाक?" "बापू, तो पडदा बघ. नापास झालेल्या पोरासारखा लोंबतोय." आणि प्रत्येक वेळी पलंगावरून तिचं लांबलचक बोट त्या त्या गुन्हेगाराकडे रोखलेलं.

बापू रात्रंदिवस राबत होते, पण डोकं तापायला लागलं होतं. एकदा तर दूध उतू गेलं म्हणून ते पातेल्याशीच भांडायला लागले. ड्रेसिंगला आलेली नर्स दारात उभी राहून ऐकत होती.

"मामा, अक्कांची तब्येत झकास आहे. मला काळजी वाटते ती तुमची. स्वतःसाठी काहीतरी करा की. मी माझ्या सासऱ्यांचं करत होते ना, तेव्हा फोटो काढायचे. मग त्यांचं छान पुस्तक छापून घेतलं. जीव रमतो."

"इथे कसले फोटो काढू? धबधबा आहे का इथे?"

"जे आहे त्याचे काढा."

जे होतं ते म्हणजे करपलेलं पातेलं. बापूंनी वरून फोटो काढला, आणि त्यांना तो एखाद्या अनोळखी देशाच्या नकाशासारखा दिसला. मग दोरीवरचे टॉवेल झाले, गरम पाण्याची पिशवी झाली, अक्काने मातीत गोळ्या दडवल्यामुळे सुकलेली कुंडी झाली. घंटी वाजली की पूर्वी कपाळाला आठ्या पडायच्या, आता हात मोबाइलकडे जाऊ लागला. एकदा तर ते मुद्दाम दूध उतू जायची वाट बघत उभे राहिले. नेमकं त्याच दिवशी दूध शहाण्यासारखं वागलं.

फोटोंखाली त्यांनी एकेक ओळ लिहिली, अक्काला ताकास तूर लागू न देता सगळं फोटोच्या दुकानात दिलं आणि पुस्तक घरपोच मागवलं. ते आलं तेव्हा बापू औषधं आणायला गेले होते. नर्सने पुडकं घेतलं आणि अक्काच्या हातात दिलं.

बापू परतले तर अक्का चष्मा सावरून बघत बसलेली. "बापू, ही कोण?"

पानावर दागिन्यांनी मढलेली एक नवरी लाजत होती.

"तू परस्पर कुणाचं लग्न लावून आलास?"

दुकानदाराने पुस्तकांची अदलाबदल केली होती. म्हणजे बापूंचं पुस्तक लग्नघरी पोचलं होतं. अक्काला काय सांगावं याची बापूंची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात दार वाजलं.

"करपलेल्या पातेल्याचं पुस्तक तुमचंच का?" दुकानातून पत्ता घेऊन आलेली नवरीची आई दारात होती. हात रिकामे.

आत येऊन बसल्यावर तिने सांगितलं, "अहो, व्याही आले होते. सगळे ओळीने बसले, मी मोठ्या हौसेने पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर पातेलं! व्याही म्हणाले, नवीन पद्धत दिसते. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, सगळ्यांवर रुसलेल्या. त्या म्हणाल्या, पुढचं वाच. आणि हसल्या हो! कवळी बाहेर येईपर्यंत हसल्या. आता पुस्तक उशीखाली घेऊन झोपल्यात, देत नाहीत. म्हणून मीच आले."

"काय लिहिलंय त्यात?" अक्काने विचारलं.

बापू छताच्या पंख्याकडे बघू लागले.

"मला पाठच झालंय," ती बाई उत्साहाने म्हणाली. "'उशी. अक्काच्या मते वाकडी. उशीच्या मते अक्का.'"

बापूंना वाटलं, आता खुबा तसाच टाकून ही उठणार आणि आपला कान धरणार.

"वाक्य शुद्ध आहे," अक्का अखेर म्हणाली. "पण मला न विचारता छापलंस? आणि माझा फोटो आहे का त्यात?"

"तुझं बोट आहे," बापू चाचरत म्हणाले. "जवळजवळ प्रत्येक फोटोत."

अक्काने आपल्या बोटाकडे पाहिलं. ते तेव्हाही बापूंकडेच रोखलेलं होतं. मग ती अशी काही हसायला लागली की कळ आली, आणि "आई गं, हसवू नकोस मेल्या," म्हणत तिने बापूंचा हात घट्ट धरला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फार छळते का रे मी?"

"हो," बापू म्हणाले. त्यांनाही हसू आवरेना.

दुकानदाराने बापूंना दुसरी प्रत फुकट छापून दिली. नवरीची आई आता अधूनमधून दुपारी येते. तिनेही सासूबाईंचं पुस्तक करायला घेतलंय, आणि त्यातलं शुद्धलेखन अक्का तपासते. बापूंच्या पुढच्या पुस्तकात मात्र आपला पूर्ण फोटो हवा, असा अक्काचा हुकूम सुटला. पलंगावर उजेड बरा येत नाही म्हणून, थोडं तरी चाला, या डॉक्टरांच्या सगळ्या विनवण्यांना पुरून उरलेली अक्का केस विंचरून वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत चालत गेली. फोटो काही तिच्या मनासारखा आला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.