दोन पाळ्यांत वाचलेली कादंबरी

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला अभ्यासाला एक गाजलेली जुनी कादंबरी होती आणि कॉलेजच्या लायब्ररीत तिची धड अशी एकच प्रत. मी कोन गावची, माझी मैत्रीण नारपोलीची, लूमवाल्याची मुलगी. तिने लगेच तोडगा काढला. "शिफ्ट लावू गो. पहिली अर्धी मी वाचते, पुढची तू. मग एकमेकींना सांगू." घरचे कापडाचे लूम दोन पाळ्यांत चालतात, तर पुस्तक का नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

तिने आपली ड्युटी चोख केली. मी माझी अर्धी कादंबरी उघडलीसुद्धा नाही. कथानक, निवेदक, वातावरणनिर्मिती, प्रतीक हे सरांनी उतरवून दिलेले शब्द वहीत होतेच. तेवढ्या भांडवलावर मी शेवट रचला. बाप नायिकेला माडीवर कोंडतो आणि ती खिडकीत बसून जन्म काढते.

"आणि प्रतीक?" तिने पेन सरसावून विचारलं.

कॉलेजसमोरच्या बंद गाळ्याला कुलूप लटकत होतं. "कुलूप," मी ठोकून दिलं. आगाऊच होते मी.

आमच्या दोघींच्या तोंडी परीक्षेत ती त्या कुलपावर पाच मिनिटं बोलली. आता पकडल्या जाणार म्हणून मी सरांकडे बघितलं. सर मात्र डोळे मिटून मान डोलवत होते. "कुलूप महत्त्वाचंच," असं म्हणून ते माझ्याकडे वळले, "तुम्ही पुढे सांगा." मग मी किल्लीवर बोलले. दोघींना मार्क चांगले पडले. कादंबरी सरांनीही वाचली नव्हती, या आनंदात मी आठवडाभर एकटीच हसत होते. तिला काही सांगितलं नाही.

पुस्तक परत करायच्या आधी तिने माझी अर्धीही वाचली आणि रिक्षाने माझ्या घरी आली. "ह्यात कुलूप न्हाय. पोरगी शेवटी बापाशी भांडून शिकायला जाते."

मी खी खी करून हसले. मग पाहिलं, तिचे डोळे भरले होते. तिला बी.एड. करायचं होतं. घरात स्थळं बघणं चाललं होतं आणि ती महिनाभर गप्प बसली होती.

"म्हटलं, पुस्तकातल्या पोरीला जमलं न्हाय, मला काय जमणार हाय?"

मला फार लाज वाटली. तिने नाक पुसलं आणि पिशवीतून आपला बी.एड.चा फॉर्म काढला.

"काल पप्पांशी भांडले. सही घेतलीय. आता बस आणि हा भर. आणि ह्यात तरी सगळं खरं लिही."