हलू नका काका

गल्लीतल्या फोटोवाल्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्याने वळूनसुद्धा पाहिलं नसतं. अडतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढताना समोरच्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगत आला होता, ‘हलू नका’. शेवटी लोकांनी तेच त्याचं नाव करून टाकलं. हलू नका काका. काकांचीही काही तक्रार नव्हती, कारण माणूस कामात भलता कडक. हललेला फोटो त्यांनी कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. गिऱ्हाईक कितीही ‘चालतंय हो’ म्हणालं, तरी काका तो त्याच्यासमोर फाडत आणि पुन्हा बसवत.

पण थंडी सरली, की या कडक माणसाला पाय फुटत. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास गळ्यात काळ्या-पांढऱ्या रोलचा जुना कॅमेरा अडकवून ते शहरभर हिंडत. शहर तसं काही फार देखणं नव्हतं. बसथांबे, गोदामं, एकाला एक चिकटलेल्या इमारती. काकांना मात्र थांब्याच्या पत्र्यावर पडलेली कोवळ्या पानांची जाळीदार सावली दिसे. पाइपाच्या सांध्यातून उगवलेलं एवढंसं रोप आपल्या दोन पानांसह उन्हाकडे मान काढून उभं असलेलं दिसे. रोज त्याच रस्त्याने जाणारे लोक त्यांचे फोटो पाहून विचारत, ‘काका, हे कुठलं गाव?’ यापेक्षा मोठी शाबासकी फोटोवाल्याला कुठे मिळायची?

आणि गंमत अशी, की या माणसाला लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नव्हता. ही गोष्ट जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होती, ती म्हणजे काकू. तरुणपणी काका काळ्या-पांढऱ्या फोटोंत ब्रशने रंग भरत असत, तेव्हा त्यांनी एका मिशीवाल्या कारकुनाचे गाल हिरवेगार करून काचेत लावले होते. पाट्या रंगवणाऱ्याची एक मुलगी आपला फोटो घ्यायला आली, तो पाहून पोट धरून हसली आणि म्हणाली, ‘आणा तो ब्रश इकडे.’ तो ब्रश मग तिच्याच हातात राहिला. दुकानाच्या वर चौथ्या मजल्यावर त्यांचा संसार झाला.

तीन वर्षांपूर्वी काकू जिन्यावरून पडल्या. इमारतीला लिफ्ट नाही. मोडलेलं हाड जुळलं, डॉक्टरांनी काठी दिली आणि ‘आता खुशाल चाला’ म्हणून सांगितलं. पण मनात बसलेली भीती काही उठेना. काकू दारापर्यंत येत, पहिली पायरी पाहत आणि मागे फिरत. काकांनी विनवलं, रागावून पाहिलं, पाठीवर बसवून नेतो म्हणाले. ‘मला काय कमी आहे इथे?’ काकू म्हणत. ‘तुम्ही आणताच की सगळं घरात.’

ते खरंच होतं. काका फोटो काढला, की तिथली एक पाकळी, एखादं पान, नाहीतर भिंतीच्या रंगाचा टवका पासपोर्ट फोटोच्या लहान पाकिटात घालत आणि पाकिटावर नंबर टाकत. संध्याकाळी मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुऊन वर नेत. काकू पाकिटातला रंग पाहून फोटोत रंग भरत. त्याच दिवशीचं पाकीट त्याच दिवशी, हा नियम. काकांची नजर आणि काकूंचा हात मिळून एक वसंत तयार होई आणि दुकानाच्या काचेत लागे. पण दरवेळी तो लावताना काकांना वाटे, आपणच आणतो म्हणून ही खाली येत नाही. आपणच तिला घरात बसवलंय. हे त्यांना आत कुठेतरी टोचत राही.

त्या वर्षी दोन गल्ल्या सोडून एका जुन्या गोदामाची भिंत पाडली, आणि आतलं झाड पहिल्यांदाच रस्त्याला दिसलं. पान एक नाही, नुसती फुलंच फुलं. किती वर्षं ते भिंतीआड असं फुलत होतं, कोण जाणे. काकांनी अख्खा रोल त्या झाडावर संपवला आणि पाकळी पाकिटात घातली.

नेमकी त्याच आठवड्यात पासपोर्टवाल्यांची रांग लागली. रोल धुवायला चार दिवस उशीर झाला. पाकळी चुरगळू नये म्हणून काकांनी ती जाडजूड वहीत दाबून ठेवली होती. उंटावरचा शहाणा दुसरा काय करणार! वहीतून ती कशी कडक, सपाट निघाली. काकांना ती आणली तेव्हा दिसली होती तशीच दिसली.

‘आजचीच ना?’ काकूंनी भिंगातून पाहत विचारलं.

‘आजचीच,’ काका म्हणाले. नियम मोडल्याचं कबूल करायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी फोटो काचेत लागला. शेजारची लॉन्ड्रीवाली कपड्यांचा गठ्ठा घेऊन चालली होती, ती तिथेच थांबली. उभा जन्म डाग ओळखण्यात गेलेली बाई ती.

‘काका, चहा सांडला का हो फोटोवर?’

‘का गं?’

‘ते गोदामातलं झाड ना हे? मी रोज बघते. अहो, ते गुलाबी आहे. हे तर तपकिरी केलंय, वाळून गेल्यासारखं.’

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फोटो काढला, जिना चढून वर गेले आणि खालच्या मानेने सगळं सांगून टाकलं. चार दिवस, वही, खोटं बोलणं, सगळं.

काकू भडकल्या. ‘माझं नाव आहे त्या फोटोखाली! लोक म्हणतील, बाईचा हात गेला, नजर गेली. जा, आत्ताच्या आत्ता ताजी पाकळी आणा.’

काका दारापर्यंत गेले आणि थांबले.

‘नाही आणणार,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘लॉन्ड्रीवाली म्हणते, झाडावर एक रंग नाहीच. कळी गडद, फूल फिकं, बुंध्याशी पडलेला सडा आणखी वेगळा. मी कुठली उचलू? मला सगळ्या सारख्याच दिसतात गं. आठवडाभरात झडेल म्हणे ते. तुला हवं तर तू बघ.’

त्या रात्री काकूंनी रंगांची पेटी मिटून बाजूला सारली. काकांना वाटलं, आपण उगाच बोललो, बसल्या जागी होतं तेवढं सुखही घालवलं.

सकाळी दुकानात एक गंभीर चेहऱ्याचे बँकवाले स्टुलावर बसले होते. ‘हलू नका,’ काका म्हणाले आणि बटण दाबणार, तोच काचेतून त्यांना इमारतीचा जिना दिसला. शेवटच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रंगांची पेटी, पदर घामाने भिजलेला. चार मजले उतरायला त्यांना पाऊण तास लागला होता, आणि त्यांनी कुणालाही हाक मारली नव्हती.

‘बघताय काय?’ त्या म्हणाल्या. ‘कुठे आहे झाड?’

काका भिंतीवरचा जुना कॅमेरा ओढून तसेच बाहेर पडले. बँकवाले सांगितल्याप्रमाणे न हलता बसून राहिले. लॉन्ड्रीवालीने येऊन सोडवलं, तेव्हा त्यांची मान आखडली होती.

दोन गल्ल्या चालायला बराच वेळ लागला. झाडाखाली पोचल्यावर काकूंनी आधी मान वर करून सगळं झाड पाहून घेतलं. मग काठीने एकेक दाखवत त्या काकांना सांगू लागल्या, ‘ही कळी, लाजल्यावर कान होतात ना, तशी. हे उमललेलं फूल, बाळाच्या तळव्यासारखं. आणि हा सडा बघा, धुऊन धुऊन फिका पडलेला माझा तो आवडता झंपर.’ काकांना रंग दिसला नाही, पण पहिल्यांदाच कळला. आपल्या बायकोएवढं हुशार माणूस या शहरात नाही, अशी त्यांची त्या क्षणी पक्की खात्री झाली.

काकूंनी काठी बुंध्याला टेकवून ठेवली आणि हात उंच करून फांदीकडे दोन पावलं टाकली. काठीशिवाय. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने तोंड उघडलं. आणि मिटलं.

तो फोटो आजही दुकानाच्या काचेत आहे. झाडाचं फूल न् फूल स्पष्ट आहे, प्रत्येकाचा गुलाबी निराळा. मधली बाई मात्र पुसट, हात कुठे संपतो आणि फांदी कुठे सुरू होते ते कळत नाही. लॉन्ड्रीवालीने पाहिल्या पाहिल्या चूक पकडली.

‘काका, काकू हलल्यात की हो फोटोत!’

‘हो,’ काका म्हणाले, आणि काच पुन्हा एकदा पुसली. ‘हलल्यात.’