खरड छाटणी आणि पहिली उलटतपासणी
एप्रिलचा पहिला सोमवार. आज रस्त्याकडेला द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांचा वास आला आणि नाशिकच्या कोर्टातली माझी पहिली उलटतपासणी आठवली. त्या दिवशी हजर होते न्यायाधीश, माझे सीनिअर, फिर्यादी बागायतदार, पंपचोरीचा आळ आलेली मजूर बाई आणि तिची बाजू मांडणारी मी. बी.एस्सी. ॲग्री करून मी वकिलीत आले होते, म्हणून सीनिअर चिडवायचे, “कोर्टात काय पेरणार गं?” डोक्यावर पंखा कुरकुरत होता. शिक्षा झाली असती तर बाईला कुठल्याच बागेत काम मिळालं नसतं. बागायतदार म्हणाला, “पानं लय दाट होती, साहेब. त्यांच्या आड पंप घेऊन दडली होती ही.” मी उठले. “खरड छाटणी कधी केलीत?” तो ताठ झाला. “गावात सगळ्यांच्या आधी, मॅडम! चोरीच्या आदल्याच दिवशी.” या छाटणीनंतर वेलीवर पान उरत नाही. पुढचा प्रश्न विचारायची गरज नव्हती. मी खाली बसले. न्यायाधीशांनी त्याला ते उत्तर पुन्हा सांगायला लावलं आणि नोंदवून घेतलं. बाई निर्दोष सुटली. तेव्हापासून शेताची केस आली की सीनिअर माझ्याकडेच बघतात. परवा सुनावणी असलेल्या केसमधली देवळ्याची कांदा साठवायची चाळ मात्र अजून पाहून यायची राहिली आहे.