किलब्राईडचा नारळ

१४ मे २०२४ रोजी शिवदास परबने डब्लिनचं परतीचं तिकीट काढलं, ३१२ दिनार ७५० फिल्सना. आखातातल्या मुहर्रकमध्ये एकोणतीस वर्षं एसी दुरुस्त करणारा हा माणूस गावाखेरीज कुठे गेल्याचं आमच्या कंपनीत कोणाला आठवत नव्हतं.

तो निघाला होता आईसाठी. मथुराबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कुडाळजवळच्या वाडीत राहणाऱ्या, डोळे निळे. त्यांचा आजा आयरिश शिपाई. बेळगावच्या लष्करात आला, इथेच संसार केला आणि परत गेलाच नाही. ‘गोऱ्याची नात’ हे बाईंनी जन्मभर ऐकलं. आता त्यांचा एकच हट्ट होता. “माज्या आज्याच्या गावच्या देवाक नारळ दी. मगे मी सुटतलंय.”

कागद एकच होता, लग्नाच्या नोंदीची नक्कल. थॉमस किलब्राईड, शिपाई, जन्म आयर्लंड. गावाचं नाव नाही. शिवदास तो घेऊन हिशेब खात्यात माझ्याकडे आला, कारण सगळ्यांचे व्हिसाचे अर्ज मी भरतो.

“साहेब, ह्येचो गाव कसो शोधूचो?”

“सोपं आहे,” मी म्हणालो. “कुडाळचा तो कुडाळकर. मग किलब्राईड कुठला?”

नकाशावर त्या नावाची बरीच गावं निघाली. रजा सहा दिवसांची होती, म्हणून डब्लिनच्या जवळचं धरलं. स्टोअरमधला चंद्रशेखर म्हणाला, “परब, तिकडे मामा भेटले तर माझ्या पोराच्या व्हिसाचं बघा हां!”

पुढचं शिवदासने परत आल्यावर सांगितलं. मुहर्रकच्या दुकानातून घेतलेला नारळ बॅगेत होता. गावात पडकं चर्च होतं, पाऊस बारीक पडत होता. त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला, फोन भिंतीला टेकवला आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, तुज्या गावचो एक झील भायर गेलो तो परत इलो नाय. त्येच्या नातीन ह्यो नारळ धाडल्यान हा. मान्य करून घी.”

“व्हय म्हाराजा!” फोनमधून आई म्हणाली, आणि रडली.

नारळ फोडला. कॉल बंद झाल्यावर कुत्रा घेऊन उभी असलेली एक म्हातारी जवळ आली. शिवदासने तिला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि मोडक्या इंग्रजीत सारं सांगितलं. तिने तुकडा चावून खाल्ला.

“इथे किलब्राईड आडनावाचं कोणी कधीच नव्हतं,” ती म्हणाली. “मी ऐंशी वर्षं इथे आहे. ही थडगी बघ, एकावरही ते नाव नाही. गावाचं नाव माणसाला लावायची रीत आमच्यात नाही.”

शिवदास सगळी थडगी वाचून आला. मग बस पकडली.

चूक माझी होती. कोकणातली रीत मी साता समुद्रापार लावली होती. मी तिथल्या जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या एका बाईंना पत्र लिहिलं. जानेवारीत उत्तर आलं. थॉमसचा बाप्तिस्मा पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात झाला होता. डब्लिनपासून चार तासांवर.

मी कागद शिवदाससमोर ठेवला. त्याने तो वाचला आणि घडी घातली. मार्चमध्ये त्याचा इथला नोकरीचा व्हिसा संपत होता, गुडघे त्याआधीच संपले होते.

“आईला सांगितलं?”

“नाय. ती आता नीट झोपता. परवा इचारी होती, गाववाल्यांनी तुका वळाखल्यानी काय रे?”

“मग?”

“व्हय म्हटलंय. खलास, साहेब. माज्यान आता नाय जावचा.”

मार्चमध्ये तो गावी गेला. कागद माझ्या ड्रॉवरमध्येच राहिला. मथुराबाई आहेत, झोपतात.

त्या खेड्याला एक नारळ देणं बाकी आहे.