उषाताईंचा चुलत डोंगर

उषाताईंबरोबर डोंगर चढायचा तर तोंड चालू ठेवावं लागतं. पायांचं काय ते त्या बघून घेतात. माझ्या पहिल्याच चढाईत मी धापा टाकत गप्प झाले, तसा मागून आवाज आला, "काऊन गं, गप्प काऊन झाली? बोलून राहा. काहीही बोल. सासूबद्दल बोल." माझी तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही असं मी लगेच सांगितलं आणि मग माथ्यापर्यंत मला दुसरा विषय सुचला नाही.

उषाताई मूळच्या नागपूरच्या. तिथे डॉक्टर होऊन नवऱ्याबरोबर इंग्लंडला आल्या आणि सारी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्यात गेली. आता सत्तरी ओलांडली आहे, नवरा नाही, मुलगी केंब्रिजला असते. मिल्टन कीन्समध्ये रेडवे म्हणतात त्या सपाट पायवाटांवरून त्या रोज सकाळी पाठीवर सॅक घेऊन चालतात. सॅकमध्ये तांदळाची पिशवी असते. "डोंगराची सवय राहायला पाहिजे नं. या गावात चढ आहे कुठे? नुसते राउंडअबाउट!" आमचा पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा ग्रुप वीकेंडला डोंगरात जातो, तो त्यांच्या भरवशावर. त्या कायम सगळ्यांच्या मागे चालतात.

बोलायला लावण्याचं कारण मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "सर्जन पोट बघतो, मी श्वास बघते. बोलणाऱ्या माणसाचा श्वास मागूनही कळतो. आणि कसं आहे, टाके घालून सर्जन चहाला जातो. पेशंटनं डोळे उघडून नाव सांगितल्याशिवाय मला जायची सोय नव्हती."

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा पुण्याहून आले. बाबांनी जन्मभर सह्याद्री तुडवला आहे आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या स्काफेल पाइकला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आधी उंची विचारली. इंग्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाईच्या खांद्यालाही लागत नाही हे कळल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला. "टेकडी आहे," ते म्हणाले. "शिवाय लाव्हाचा दगड. सह्याद्रीही लाव्हाचाच. म्हणजे घरचाच डोंगर!"

"घरचा नाही भाऊ, चुलत आहे," उषाताई म्हणाल्या. "चुलत्यांशी जरा सांभाळून वागावं."

बाबांना ते आवडलं नाही. बोलत राहायचा नियम तर मुळीच आवडला नाही. "मी ट्रेकला आलोय, भिशीला नाही," असं म्हणून ते पुढे निघाले. पण गंमत अशी, की नियमाविरुद्ध, इथल्या लोकांच्या काठ्यांविरुद्ध आणि माझ्या सँडविचांविरुद्ध ते इतकी कुरकुर करत होते, की नियम सगळ्यात काटेकोरपणे त्यांनीच पाळला.

माथ्याच्या खाली, वाटेपासून जरा बाजूला, आम्ही खडकांच्या आडोशाला जेवायला बसलो. उषाताई वाटेवरच थांबल्या होत्या. एका मुलीची टाच बुटाने सोलली होती, तिला पट्टी लावत होत्या. आमच्यातल्या केदार आणि स्नेहाचं त्या वेळी घराचं चाललं होतं. दोनदा घर हातातोंडाशी येऊन गेलं होतं. आपल्याकडे गडावर, देवळाजवळ दगडावर दगड रचला की घर होतं म्हणतात. स्नेहाने तिथे तशी एक चळत रचली. मग काय, व्हिसावरच्या माणसांत घर कुणाला नको असतं? सगळेच लागले दगड गोळा करायला. "रचा, रचा," म्हणत बाबांनीही एक रचली. घराला व्ह्यू हवा म्हणून जो तो आपली चळत आधीच्यापेक्षा पुढे, दरीच्या बाजूला सरकवत होता.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं. उतरताना धुकं आलं, आणि असं आलं की स्वतःचे बूट तेवढे दिसावेत. उषाताईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "एकामागे एक. बोलून राहायचं. दगडांच्या राशी लागतील, त्या धरून चालायचं. इथे रास म्हणजे वाट." बाबा अर्थातच पुढे होते.

थोडं उतरलो असू. मागून उषाताई ओरडल्या, "थांबा रे! भाऊंची कुरकुर ऐकू नाही येत."

आम्ही थांबलो. खरंच येत नव्हती. मी हाका मारल्या. केदार बाबांच्या मागे होता. त्याला वाटलं होतं, ते असतील चार पावलं पुढे. मोबाईलला रेंज नव्हती. मी पुढे धावणार, तोच उषाताईंनी माझी सॅक पकडली.

"कुठे निघाली? एक हरवला आहे, मला दुसरा नको." आवाज अगदी रोजचा. "मला सांग, चढताना जेवले कुठे तुम्ही?"

"इथेच. हा हाताला लागतोय ना, त्या मोठ्या खडकामागे."

"तिथे काय केलं?"

स्नेहा रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, आम्ही दगड रचले. घरासाठी."

उषाताईंनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे त्यांना दरीकडे न्यायला वाट बांधून ठेवली आपण," त्या म्हणाल्या.

रागवायला त्यांनी वेळ घालवला नाही. टाचवाली मुलगी वाटेवर बसली. तिचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, पहिल्या चळतीपाशी, स्नेहा. तिच्यापुढे केदार. त्याच्याही पुढे उषाताई आणि मी. तोंड कुणीही बंद करायचं नाही. सापडले नाहीत तर केदारने खाली उतरून माउंटन रेस्क्यूला फोन करायचा. त्या धुक्यात स्नेहा थालीपिठाची कृती सांगत होती आणि केदार सोमवारच्या मीटिंगचं अपडेट द्यावं तसं काहीतरी बडबडत होता. मला काही सुचेना. बाबांनी लहानपणी पाठ करून घेतलेले किल्ले तेवढे आठवले. उषाताई काठीने जमीन चाचपत एकेक पाऊल टाकत होत्या, आणि मी त्यांच्या सॅकला धरून रडत ओरडत होते, "राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई..."

"कळसूबाई किल्ला नाही, शिखर आहे!" धुक्यातून चिडका आवाज आला.

इतकी गोड चूक मी आयुष्यात केलेली नाही.

बाबा शेवटच्या चळतीला पाठ लावून बसले होते. ती त्यांनीच रचलेली होती. पलीकडे जमीन नव्हती. पायाखालचा दगड निसटला, खाली गडगडत गेल्याचा आवाज बराच वेळ आला, तेव्हा ते मटकन बसले होते आणि उठायचं धाडस होत नव्हतं. माझ्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या. "ओ देणारच होतो," ते म्हणाले.

उषाताईंनी त्यांचं मनगट हातात धरलं. "नाव काय तुमचं, भाऊ?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे हो. तुम्ही सांगा."

बाबांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. उषाताई म्हणाल्या, "चला मग."

परत येताना त्यांनी एकेक चळत आमच्याकडून मोडून घेतली. स्नेहाचा हात तिच्या दगडांवर घुटमळला. "मोड गं. दुसरं कोणी फसायला नको. घर होईल तुमचं," त्या म्हणाल्या. ते अजून व्हायचं आहे.

खाली पार्किंगला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, जणू काही झालंच नव्हतं. उषाताई त्यांच्या गाडीत जाऊन बसल्या आणि बराच वेळ गाडी सुरूच होईना. मी जाऊन पाहिलं, तर त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. किल्ली धरता येत नव्हती.

"ताई, तुम्ही तर वर किती शांत होता!"

"वर घाबरून कसं चालेल, बाप्पा? घाबरायला पार्किंग आहे नं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

बाबा मागे उभे होते. त्यांनी थर्मासमधून चहा ओतला आणि उषाताईंच्या हातात कप राहणार नाही हे पाहून स्वतःच त्यांच्या ओठांशी धरला. "सावकाश," ते म्हणाले. "गरम आहे."