डॉक्टरांनी ओळखलेला चाकू

डॉक्टर चाकूलाही "आ कर" म्हणायचे. पनवेलच्या बाजारात त्यांचा दातांचा दवाखाना आणि मागे घर होतं आणि त्याच्या खाली माझं मेडिकलचं दुकान. दुपारी पेशंट नसले की ते एखादा जुना घडीचा चाकू घेऊन बसत, खुर्चीवरचा दिवा खाली ओढत आणि दात बघायचा छोटा आरसा पात्याच्या बुडाशी नेत. तिथे बिजागरीजवळ कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं म्हणे. मग मूठ अंगठ्यानं चोळून वास घेत. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, बारीक छिद्रं दिसली तर हाड. मला यात काडीचा रस नव्हता, पण औषधं द्यायला वर गेलं की ऐकून घ्यावं लागे.

ओळख सांगताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. एकदा बेलपाड्याचे एक बिल्डर दाढ दाखवायला आले आणि जाताना खिशातून चाकू काढून म्हणाले, "आमच्या आज्याला गोऱ्या सायबानी बक्षीस दिलेला हाय." डॉक्टरांनी चाकू उघडला, मिटला, हुंगला. "साहेब देश सोडून गेले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हा जन्माला आलाय. मूठ प्लास्टिकची आहे."

"मंग आमचा आजा काय खोटा बोलला?"

"आजोबांना मी भेटलेलो नाही. चाकूला भेटलो."

गृहस्थ तणतणत गेले आणि दाढ दुसरीकडे काढून घेतली. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. "अहो, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "एकदा गोड बोललो की मग माझं खरंही कोणी खरं धरणार नाही." पनवेलात त्यांच्या या फटकळपणाला सगळे नावं ठेवत, आणि चाकू मिळाला की दाखवायला त्यांच्याकडेच येत.

चाकू साफ करायचा नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. धार लावायची नाही, घासायचा नाही, तेलाचा एक थेंब बिजागरीत आणि बास. "घासलं की नाव गेलं. मग उरतं नुसतं लोखंड." खंडेनवमीला काकू दवाखान्यातले चिमटे, पकडी, कात्र्या पाटावर मांडून पूजा करत, पण चाकूंच्या कपाटाला हळदीकुंकवाचं बोट लावायची परवानगी नव्हती. काकूंना ते लागायचं. "इतक्या वर्षांचा संसार केला," त्या मला म्हणत, "पण त्या कपाटापुढे मी पाहुणीच."

दवाखाना कायमचा बंद केल्यावर कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना एक चाकू मिळाला. हाडाची मूठ, जड पातं, आणि बुडाशी गंजात बुडालेलं नाव. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी वाचून दाखवायचे, पण रोज वेगळं अक्षर दिसायचं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला, तर गंज आणि अक्षर सारखंच काळं. "दुसऱ्याच्या डोळ्यांनी ओळख पटत नाही," ते म्हणाले. ऑपरेशनचं नाव काढलं की काकूंवर खेकसणारा हा माणूस त्या चाकूपायी निमूटपणे पुण्याला मुलीकडे गेला आणि डोळे करून आला. तिकडून काकूंना रोज फोन, चाकू जागेवर आहे ना.

ते आले त्या संध्याकाळी मी डोळ्यांत घालायचे थेंब द्यायला वर गेले. काकू हसत हसत ताट घेऊन बाहेर आल्या. मधे खंडेनवमी होऊन गेली होती. ताटात सगळे चाकू चांदीसारखे लखलखत होते आणि प्रत्येकावर कुंकवाचं बोट होतं.

"डोळे नीट व्हावेत म्हणून यंदा चाकूंचीही पूजा केली. दारावरच्या धारवाल्याकडून पात्यांना धार लावून घेतली, मग चिंच लावून रांगोळीनं घासली," काकू म्हणाल्या. कळंबोलीचा चाकू त्यांनी वेगळा काढून दिला. "याचं नाव तुम्हाला दिसत नव्हतं ना? तिथे मी जास्त घासलंय."

डॉक्टरांनी चाकू उघडला, नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिला. काकू पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"दिसलं," डॉक्टर म्हणाले, आणि एका इंग्रजी कारखान्याचं लांबलचक नाव गावासकट सांगितलं.

"चांगला आहे ना कारखाना?"

"उत्तम. तू घासलंस म्हणून सापडला."

काकू चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी चाकू हातात घेतला. पात्याचं बूड चमच्याइतकं गुळगुळीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "थेंब दिवसातून किती वेळा घालायचे?" मी सांगितलं. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. मध्यंतरी पुण्याहून जुन्या चाकूंचे एक जाणकार संग्रह बघायला आले, तेव्हा काकूंनी मला सोबतीला बोलावलं. गृहस्थांनी एकेक चाकू नाराजीनं बाजूला ठेवला. हाडाच्या मुठीचा उचलून म्हणाले, "हा तर साफ घासून टाकलाय. काही ओळखता येणार नाही."

काकूंनी त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला आणि ते इंग्रजी नाव, गावासकट, एका दमात म्हणून दाखवलं.

"डॉक्टरांनी स्वतः ओळखलंय. आणि चाकूच्या बाबतीत ते कुणाची भीड ठेवत नसत. कधी खोटं बोलले नाहीत. हवं तर हिला विचारा."

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"कधीच नाही," मी म्हटलं.