जपानच्या काकू

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि त्याला तर मी माझं खरं वजनसुद्धा सांगते. चाळीस वर्षं होत आली. तुम्ही समोर चहा घेत बसला आहात असं समजून लिहिते आहे – म्हणजे जरा सोपं जाईल.

तसं माझं छान चाललं आहे. खरंच. आयुष्य पियानो वाजवण्यात गेलं आणि मजेत गेलं. ज्यांची नावं निवेदकांना धड उच्चारता येत नाहीत अशा, कुणी न विचारलेल्या संगीतकारांच्या रचना मी शोधून शोधून वाजवल्या. लोक मला त्यासाठीच ओळखतात. सत्काराच्या भाषणात 'उपेक्षितांना न्याय देणारी' असं म्हणतात, तेव्हा मी मांडीवरच्या शालीची घडी नीट करत बसते. का? – तेच तर सांगायचं आहे.

ऐंशीच्या दशकात बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली. आम्ही राजा पार्कात राहायचो आणि मी छावणीत रिसबूडकाकूंकडे पियानो शिकायला जायचे. काका सैन्यात मेजर. काकू बेळगावच्या कॉन्व्हेंटात पियानो शिकलेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या ननने त्यांना ट्रंकभर नोटेशनची पुस्तकं दिली होती – पोलंडचे, फिनलंडचे, कुठले कुठले संगीतकार. "मोठ्यांना वाजवणारे ढीगभर आहेत गं, यांना कोण विचारतंय?" असं त्या म्हणायच्या. जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून पियानोच्या पोटात पाण्याचं पातेलं ठेवलेलं असायचं. मी फार जोर लावला की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "नंदे, पातेलं हिंदकळतंय!" माझं जे काही नाव झालं ते त्या ट्रंकेतून आणि त्या पातेल्यापाशी.

काकूंनी स्वतःही एक रचना केली होती. त्यांच्या आईचा भूपातला पाळणा, पण पियानोसाठी बांधलेला – उजव्या हातात पाळणा, डाव्यात नुसता झोका. मला ती फार आवडायची. माझा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी तीच शेवटी घेतली. निवेदकांना यादी लिहून दिली. प्रत्येक रचनेपुढे संगीतकाराचं नाव आणि देश. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'पाळणा – काकू'. दुसरं काय लिहिणार? आयुष्यात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. आणि देश लिहायचं सुचलंच नाही.

निवेदक कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांच्या हिंदी घरात चाची होती, बुआ होती, काकू नव्हती. त्यांनी रिकामी जागा आपल्या अकलेने भरली. "और अंत में, जापान के संगीतकार काकू का पालना!"

काकू दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, निळं इरकल नेसून. मी उठून एकच वाक्य बोलायचं होतं – जी नहीं, काकू तो वहाँ बैठी हैं. किती वेळ लागला असता? मी हात पियानोवर ठेवले आणि वाजवलं. भूपाचे ते पाचच सूर, आणि जपान म्हटल्यावर सगळ्यांना त्यात जपानच ऐकू आलं. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिलं की या मुलीने पूर्वेचा एक अज्ञात संगीतकार आपल्याला मिळवून दिला.

मी घाबरले होते का? गोंधळले होते? नाही हो. मला आवडलं. छावणीतल्या क्वार्टरमध्ये शिरा ढवळणाऱ्या बाईपेक्षा जपान भारदस्त वाटलं – असं आहे ते.

काकू मात्र हसल्या. दुसऱ्या दिवशी शिऱ्याची बशी पुढे करून म्हणाल्या, "घे, जपानी बायकांनाही बरा जमतो." मीही हसले. मग दिल्लीहून बोलावणं आलं, कलकत्त्याहून आलं. तेव्हा यादीत माझ्याच हाताने, शाईने लिहिलं, 'काकू, जपान'. दिल्लीत एकाने विचारलं, जपानात कुठले? मी म्हणाले, ओसाकाचे. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पण एवढंच असतं तर हा किस्सा मी गंमत म्हणून सांगत फिरले असते.

वर्षभरात काकांची बदली झाली. सामान बांधायच्या दिवशी काकूंनी मला एक नवी रचना दिली, चार पानांची. वरच्या कोपऱ्यात, काळ्या शाईने, ठळक देवनागरीत लिहिलं होतं – 'सौ. सुमती वसंत रिसबूड, जयपूर'. गाव, देश, सगळं समजेल असं. "वाजव हं कधीतरी," एवढंच म्हणाल्या.

मला कळलं. न कळायला काय झालं होतं? पण मी ती वाजवली नाही. त्यातही डाव्या हातात तोच झोका होता. कुणीही जाणकाराने चार ओळींत ओळखलं असतं की ओसाकाचे काकू आणि सौ. रिसबूड एकच. मग माझं काय झालं असतं? मी ती पियानोच्या बाकात, गादीखालच्या कप्प्यात ठेवली. काकू दर दिवाळीला पत्र पाठवायच्या. माझ्या कार्यक्रमांची कात्रणं जपून ठेवते म्हणायच्या. त्या रचनेबद्दल एका अक्षराने विचारलं नाही. पुढे एका वर्षी पत्राऐवजी काकांचं कार्ड आलं, त्या गेल्याचं.

काल दुपारी कप्पा उघडला. चारही पानं पहिल्यांदा, सलग वाजवली. इतकी वर्षं मी मनाशी धरून चालले होते की ती पाळण्याइतकी जमलेली नसणार. ती पाळण्यापेक्षा कितीतरी चांगली आहे.

त्यानंतर काकूंनी आणखी काही लिहिलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.